वारा, नाव आणि एक झिजलेली पिन



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ६७ आणि ६८

गेले काही दिवस आपण स्थितप्रज्ञाची लक्षणं वाचतोय. आजच्या श्लोकात भगवंत अर्जुनाला एक नाव दाखवतात. कुरुक्षेत्रावर, रथ-घोड्यांच्या गर्दीत, एकदम पाण्यावरची नाव! ते सांगतात की इंद्रियं आपापल्या विषयांत फिरत असतात, आणि त्यांतल्या ज्याच्या मागे मन लागतं ते इंद्रिय माणसाची प्रज्ञा ओढून नेतं, वारा पाण्यावरच्या नावेला ओढून नेतो तशी.

इथे एक गोष्ट नीट बघा. फिरणारी इंद्रियं अनेकवचनी आहेत, पण ओढून नेणारं एकवचनी आहे. म्हणजे पाचही इंद्रियं सुटायला लागत नाहीत. एक पुरतं.

ज्ञानेश्वर माऊली याच ठिकाणी आणखी एक पाऊल पुढे जातात. त्यांची नाव काठाला लागतच आलेली आहे. प्रवास संपत आलाय, आणि तेवढ्यात वाईट वारा गाठतो. टळलेलं संकट पुन्हा समोर उभं राहतं. माऊली म्हणतात, पोचलेल्या माणसानेही कौतुकाने इंद्रियांचे लाड केले तर त्याचं असंच होतं. आपण तर अजून बंदरातून निघतोय!

हे वाचून आपल्याला वाटतं की दोष वाऱ्याचा आहे. मोह जोराचा होता, संगत वाईट होती, रील्सचा अल्गोरिदमच तसा आहे. पण शिडाच्या बोटी सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, ते वाऱ्याबद्दल फार बोलत नाहीत. ते बोटीवर चढतात आणि आधी एक बोटभर लांबीची पिन बघतात. आज आपणही तीच बघू.

डोलकाठी कशावर उभी असते?

लांबून बघणाऱ्याला शीड दिसतं, उंच डोलकाठी दिसते. पण डोलकाठी स्वतःच्या ताकदीवर उभी नसते. तिला पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी स्टीलच्या तारांनी ताणून धरलेलं असतं. आजच्या बऱ्याच बोटींवर ही तार १९ जाड तंतूंचा पीळ असते. तारेच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं टोपण असतं. त्याच्याखाली ताण कमी-जास्त करायचा टर्नबकल. मग एक पिन. आणि ती पिन बोटीच्या अंगात घट्ट रोवलेल्या पट्टीत, म्हणजे चेनप्लेटमध्ये अडकवलेली.

तार, टोपण, टर्नबकल, पिन, पट्टी. सगळा भार या सगळ्यांतून एकापाठोपाठ एक जातो. म्हणून तार कितीही भक्कम असली तरी त्या बाजूची खरी ताकद तिच्यातल्या सगळ्यात कमजोर तुकड्याएवढीच. भर वाऱ्यात, भार असलेल्या बाजूची एक पिन तुटली तर अख्खी डोलकाठी काही क्षणांत पाण्यात जाऊ शकते. शीड नवं होतं, तार नवी होती, याचा तेव्हा काही उपयोग नसतो.

श्लोकातलं एकवचन हेच सांगतंय.

झीज कुठे होते?

झीज मधोमध होत नाही. तारेचा मधला भाग वर्षानुवर्षं चांगला राहतो. झीज होते सांध्यात, जिथे दोन कठीण वस्तू एकमेकींना टेकतात. बोट नांगरावर उभी असली तरी पाणी तिला हलवतच असतं. प्रत्येक हेलकाव्याला पिन आपल्या भोकात केसभर सरकते. केसभरच. पण हे वर्षभर चालतं. गोल भोक हळूहळू लांबट, अंड्यासारखं होतं. मग पिनला हलायला जास्त जागा मिळते, ती जास्त जोराने आदळते, आणि भोक आणखी मोठं होतं. झीजच पुढच्या झिजेला जागा करून देते.

आता आपले सांधे बघा. देवळातला मी, घरातला मी आणि ऑफिसातला मी एकमेकांना टेकतात त्या जागा बघा. "निघालोय, ट्रॅफिकमध्ये अडकलोय" असं घरातूनच सांगणं. आईचा फोन सायलेंटवर टाकून "मीटिंगमध्ये होतो" म्हणणं. यातल्या एकानेही कुणाचं आयुष्य उद्ध्वस्त होत नाही. पण भोक केसभर मोठं होतं. आणि पुढच्या वेळी खोट्याला हलायला थोडी जास्त जागा असते.

समजा, एक मुलगा आहे. पुण्यात नोकरी, रोज हरिपाठ, एकादशीचा उपास, सगळं व्यवस्थित. मोबाइलवर पैसे लावून खेळायचा नाद लागला. आधी पन्नास रुपये. मग पगारातले काही. मग मित्राकडून उसने, आणि घरी "कंपनीने पगार उशिरा दिला". एक दिवस बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम गेली. सगळे म्हणतात, एका रात्रीत काय झालं याला? एका रात्रीत काहीच झालं नव्हतं. त्या रात्री फक्त वारा आला. भोक दोन वर्षं मोठं होत होतं, आणि हरिपाठ चालू असतानाच होत होतं.

हे कठोर वाटेल, पण मला यातच आशा दिसते. पडझड एका रात्रीत होत असती तर आपण काहीच करू शकलो नसतो. ती हळू होते, म्हणजेच ती पकडायला वेळ मिळतो.

चकाकी आणि हवा

स्टेनलेस स्टील गंजत नाही असं आपण मानतो. पण त्याला वाचवतो तो त्याच्या पृष्ठभागावरचा क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा. ओरखडा पडला तर हवेतल्या ऑक्सिजनने तो पापुद्रा पुन्हा आपोआप धरतो. धातू स्वतःच स्वतःची जखम भरून काढतो, फक्त हवा मिळायला हवी.

जिथे हवा पोचत नाही तिथे हे जमत नाही. बोल्टच्या खाली, डेकमधून पट्टी आरपार जाते त्या फटीत, टेपच्या गुंडाळीआड खारं पाणी साचून राहतं. तिथे पापुद्रा तुटतो आणि परत धरत नाही. डेकच्या वर पट्टी आरशासारखी चकचकीत, आणि दोन बोटं खाली, लाकडाआड, ती कुरतडली गेलेली. म्हणून जाणकार माणूस चकाकीवर जात नाही. तो पट्टी बाहेर काढून बघतो. गंमत म्हणजे पिनच्या टोकांनी शीड फाटू नये म्हणून जी टेप गुंडाळतात, तीच फार गुंडाळली की पाणी धरून ठेवते. रक्षणासाठी घातलेलं पांघरूण कुजवायला लागतं.

आपणही आपल्या दोषांवर किती टेप गुंडाळतो! स्टेटसला रोज सुविचार, डीपीला विठोबा, आणि आतली ती एक गोष्ट कुणालाच माहीत नाही. मंडळी, दोष असणं हा शेवट नाही. त्याला हवा न मिळणं धोक्याचं. आपल्या संतांकडे बघा. तुकोबांनी आपले दोष स्वतःच्या अभंगांत स्वतःच, उघडपणे, देवासमोर आणि लोकांसमोर मांडले. आपण ते नम्रता म्हणून वाचतो आणि पुढे जातो. पण उघड्यावर आणलेली जखम भरते, हा त्यांचा अनुभवच आहे.

एका माणसाला सांगा. फक्त एका. विश्वासातला मित्र, थोरली बहीण, तुमचे गुरुजी, गरज असेल तर समुपदेशक. आणि रोज रात्री देवाला तर सांगाच, ठरावीक शब्दांत नाही, आपल्या साध्या भाषेत, नाव घेऊन.

तडा दिसत कसा नाही?

धातूतला तडा केसाहून बारीक असतो. डोळ्यांना दिसत नाही. तो शोधायची एक साधी पद्धत आहे. आधी धातू पूर्ण स्वच्छ करायचा, तेल, मळ सगळं काढून. मग त्यावर लाल रंगाचं पातळ द्रव्य लावायचं आणि थांबायचं. ते तड्यात झिरपायला वेळ द्यायचा. मग वरचा रंग पुसून टाकायचा. आता धातू पुन्हा स्वच्छ दिसतो. शेवटी त्यावर पांढऱ्या भुकटीचा थर द्यायचा. ती भुकटी तड्यातला रंग शोषून वर ओढते, आणि पांढऱ्यावर एक लाल रेघ उमटते. तडा तिथे आहे.

मला बरेच जण लिहितात, "दिवसभर ठीक असतं, पण जपाला बसलं की नको नको ते विचार वर येतात. मग वाटतं, आपण जपाच्या लायकीचेच नाही." अहो, ती पांढरी भुकटी काम करतेय! दिवसभरात जे झिरपलं होतं ते शांत बसल्यावर वर आलं. जपाने तडा पाडला नाही, दाखवला. लाल रेघ दिसली म्हणून कुणी भुकटी फेकून देत नाही. रेघ कुठे आहे ते नीट बघून ठेवतात.

मग दिसलेल्याचं करायचं काय? इथे सगळ्या दोषांना एकच उपाय नाही.

पहिला प्रकार म्हणजे नुसता डाग. स्टीलवर कधी कधी चहाच्या ओघळासारखे तपकिरी डाग येतात. घासून काढले की खालचा धातू ठणठणीत निघतो. मनात एक वाईट विचार येऊन गेला, रागाचा शब्द निसटला, लगेच माफी मागितली. हे डाग आहेत. रोज घासा आणि पुढे चला. प्रत्येक डागाला तडा समजून घाबरत बसणं हाही एक प्रकारचा अहंकार आहे.

दुसरा प्रकार म्हणजे लांबट झालेलं भोक. आजूबाजूला पुरेसा धातू शिल्लक असेल तर ते यंत्रावर पुन्हा गोल करून घेतात आणि त्यात बरोबर बसेल अशी जाड पिन घालतात, किंवा आत बुश बसवतात. मोठ्या भोकात बारीक पिन तशीच ठेवली तर सगळा भार एकाच रेषेवर येतो आणि ती आदळत राहते. आपल्या संकल्पांचं असंच होतं. झेपते एक माळ आणि ठरवतो अकरा. मग तो संकल्प आपल्या दिवसात नुसता खडखडत राहतो. आधी आपला दिवस केवढा आहे ते मोजा. बरोबर बसेल असा नेम घ्या. छोटा चालेल, पण घट्ट हवा.

तिसरा प्रकार म्हणजे तडा गेलेला भाग. त्याला वेल्डिंग करून परत डोलकाठीखाली लावायचा मोह होतो, कारण नवा भाग महाग असतो. पण थकलेला धातू वरून सांधला तरी थकलेलाच राहतो, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा भागही कमजोर होऊ शकतो. असा भाग बदलतात. आणि एक तुटला की त्याच वयाचे बाकीचेही काढून बघतात, कारण त्यांनीही तेवढाच भार सोसलेला असतो.

त्या मुलाला "आठवड्यातून एकदाच खेळेन" हा उपाय नाही. ते वेल्डिंग आहे. ॲप काढायचं, पैशांचा व्यवहार काही काळ घरच्या माणसाच्या हाती द्यायचा, ज्या मित्रांत तो विषय निघतो तिथली बैठक बदलायची. आणि बहिणीसमोर बसून खरा आकडा सांगायचा. "सॉरी" म्हणून रडणं ही घासणी झाली. खरा आकडा सांगून दर महिन्याला फेडायला लागणं ही दुरुस्ती. देव क्षमा करतो यात मला शंका नाही. पण देवाची क्षमा घेऊन तीच तडकलेली पिन परत लावायची, ही क्षमेची चेष्टा आहे.

भार न घेणारी छोटी पिन

आता माझा सगळ्यात आवडता तुकडा. टर्नबकल आट्यांवर फिरतो. बोटीच्या सततच्या थरथरीने तो आपोआप उलटा फिरून सुटू शकतो. म्हणून त्यात एक छोटी स्प्लिट पिन घालतात आणि तिची टोकं थोडी उघडतात. ही पिन डोलकाठीचा भार अजिबात घेत नाही. ती फक्त सुटू देत नाही.

झोपण्याआधीची पाच मिनिटं नामस्मरण हे तसंच आहे. कुणी विचारेल, "पाच मिनिटांनी काय होतं? माझे प्रश्न केवढे मोठे!" खरं आहे, ती पाच मिनिटं तुमचा गृहकर्जाचा भार घेणार नाहीत. पण दिवसभराच्या थरथरीत जे उलटं फिरत असतं, त्याला ती अडवतात.

निग्रह म्हणजे काय?

यापुढचा श्लोक, ६८ वा, "म्हणून" असा सुरू होतो. ज्याची इंद्रियं आपापल्या विषयांपासून सर्व बाजूंनी आवरलेली आहेत, त्याची प्रज्ञा स्थिर. 'सर्व बाजूंनी' हा शब्द वाचताना मला ती चारही बाजूंनी ताणून धरलेली डोलकाठीच दिसते. पुढून धरली आणि मागून सोडली तर चालत नाही. सोशल मीडिया सोडला आणि जीभ मोकाट, किंवा उपास कडक आणि घरच्यांवर राग त्याहून कडक, असं केलं तर काठी वाकणारच.

पण निग्रह म्हणजे शीड उतरवून बंदरात बसणं नव्हे. वारा शत्रू असता तर शिडाची बोट बनवलीच नसती. तोच वारा धरलेल्या बोटीला पुढे नेतो आणि न धरलेलीला भरकटवतो. भगवंतांनी ६४ व्या श्लोकातच सांगून ठेवलंय की राग-द्वेषातून मोकळ्या, ताब्यातल्या इंद्रियांनी विषयांत वावरणारा माणूस प्रसन्नता मिळवतो. वावरणारा! नोकरी, प्रेम, कमाई, गाणं, सगळ्यात राहून.

आणि निग्रह म्हणजे ताठरपणाही नाही. तारेच्या टोकाशी दोन्ही दिशांना वळणारा एक बिजागरीसारखा सांधा घालतात. तो नसेल तर शीड एका अंगाला ढकललं की प्रत्येक वेळी टोपण तिथेच वाकतं, आणि वाकून वाकून तडकतं. घट्ट धरायचं, पण वळायला जागा ठेवून. आजारी असताना उपास सोडता येणं, पाहुणे आले तर पूजा आटोपती घेता येणं, हा त्या सांध्याचा गुण आहे.

काठ जवळ आला तरी

शेवटी आपल्या शेजारची, गोव्याची गोष्ट. १० सप्टेंबर २०१७ ला भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली 'तारिणी' या गोव्यातच बांधलेल्या शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. मोहिमेचं नाव 'नाविका सागर परिक्रमा'. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटं, दक्षिण आफ्रिका असे चार थांबे ठरलेले होते. केप हॉर्नचा भयंकर समुद्र त्यांनी पार केला. केपटाऊन सोडलं, आता थेट घर. आणि या शेवटच्या टप्प्यात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला.

माऊलींची काठाला लागत आलेली नाव आठवली ना?

त्या मॉरिशसच्या पोर्ट लुईला थांबल्या. न ठरलेला, पाचवा थांबा. दुरुस्ती करून मग निघाल्या आणि २१ मे २०१८ ला गोव्याला पोचल्या. सगळी पृथ्वी फिरून झाली आता एवढ्याने काय होतंय, असं त्या म्हणाल्या नाहीत. थांबल्याने त्यांची प्रदक्षिणा कमी ठरली नाही. थांबल्या म्हणून ती पूर्ण झाली.

ज्याला वाटतंय की आपण इतकी वर्षं साधना करतोय, आता कशाला कुणाकडे जाऊन हे उघड करायचं, त्याने हा पाचवा थांबा लक्षात ठेवावा. आणि ज्याची डोलकाठी आधीच पडलीये त्यानेही ऐकावं. काठी पडली म्हणजे बोट बुडाली असं नाही. तुटलेल्या काठीच्या तुकड्यावर छोटं शीड बांधून, हळूहळू का होईना, बंदर गाठलेले खलाशी आहेत. आज जेवढं नाम घेता येईल तेवढ्याचं शीड करा. बंदर आहे तिथेच आहे.

आज एवढं करू या

१. आज रात्री दहा मिनिटं शांत बसा. जे आपोआप वर येईल ते ढकलू नका. कागदावर एका ओळीत लिहा.

२. ते डाग आहे, लांबट भोक आहे की तडा, हे स्वतःच ठरवा. खोटं ठरवू नका, कारण कागद दुसरं कुणी बघणार नाहीये.

३. तडा असेल तर या आठवड्यात एका माणसाला सांगा.

वारा शांत असताना हे करायचं असतं. वादळात पिन बदलता येत नाही.

प्रार्थना

विठ्ठला, वारा कमी कर असं मागत नाही. माझी झीज मला वेळेत दिसू दे. दिसली की झाकायची बुद्धी नको देऊस, कुणाला तरी दाखवायचं बळ दे. जे घासून निघेल ते घासायचा कंटाळा येऊ देऊ नकोस, आणि जे बदलायलाच हवं त्याचा मोह सोडवून घे. काठ जवळ आला असं वाटेल तेव्हा मला जास्त जागं ठेव.

उद्या श्लोक ६९. सगळ्यांची रात्र आणि योग्याचा दिवस. भेटू.

राम कृष्ण हरी!